सतरावा माणूस दारात

"तू मला आधी एवढं सांग, बावीस वकील जेवायला बोलवायचे आणि त्यातल्या एकालाही पातेलं घासता येत नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं?"

"तिया, वकील नाहीत ते अजून. विद्यार्थी आहेत."

"मग तर बोलूच नकोस. वकील असते तर निदान मी घाबरले तरी असते."

एलिहियो सुबियातेचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. तिया रेमे म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण, आणि हॉल तिचा. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसच्या बाहेर पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या, बागा संपतात ना, तिथला पत्र्याचा हॉल. लग्नं, बाप्तिस्मे, पोरींचे पंधरावे वाढदिवस, सगळं तिथंच. सभेसाठी मिळालेली खोली आयत्या वेळी हातची गेली, तेव्हा तियानं हॉल फुकट दिला. फुकट म्हणजे पैसे नाहीत. बोलणी मात्र खायची.

"आणि त्या पोरीला माझ्या सिंहासनावरून उठव," तिया डाव नाचवत म्हणाली. "नवीन मखमल लावलीय त्याला."

सिंहासन म्हणजे वाढदिवसाच्या पोरीला बसवायची ती पांढरी, सोनेरी पाठीची खुर्ची. आदल्या दिवशी एक पंधरावा होऊन गेला होता. गुलाबी फुगे अजून छताला चिकटलेले, आणि त्या खुर्चीत नेरेइदा किन्ताना बसलेली. ही आल्बुकर्कीची, आजच्या सभेची अध्यक्ष. उंची एवढीशी, पाय जमिनीला टेकत नव्हते, पण मांडीवर संघटनेच्या नियमांचं पुस्तक असं धरलेलं की बाकीच्यांना आपणच बुटके वाटावं. तिला ते पुस्तक तोंडपाठ. लोक म्हणायचे, हिनं बॉयफ्रेंडसुद्धा दुरुस्तीसह मंजूर केलाय.

"तिला कोण उठवणार?" एलिहियो म्हणाला. "तुम्हीच सांगून बघा."

तियानं नेरेइदाकडे एकदा बघितलं आणि गुपचूप बीन्स ढवळायला गेली. त्याच्या माहितीत तिया कुणापुढं तरी गप्प बसली असं पहिल्यांदाच झालं.

तर काम असं होतं. कायदा शिकणाऱ्या लातिनो पोरापोरींची एक संघटना आहे, देशभर पसरलेली. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्ससचा पश्चिमेकडचा तुकडा मिळून तिचा एक विभाग होतो. आज त्याचा विभागप्रमुख निवडायचा होता. या पदाला पगार नाही, गाडी नाही, साधा बिल्लासुद्धा नाही. हातात एकच गोष्ट असते. उन्हाळ्यात गरिबांसाठी फुकट सल्ल्याचं टेबल लावतात, ते कुठं लावायचं हे विभागप्रमुख ठरवतो. सहीचा कागद आजच्या आज संघटनेच्या केंद्राकडे गेला पाहिजे. नाही गेला तर टेबल गेल्या वर्षी होतं तिथंच राहणार.

गेल्या वर्षी ते फिनिक्सला होतं. त्याच्या आधीही फिनिक्सलाच. काचेच्या बिल्डिंगीत, चौदाव्या मजल्यावर, खाली पहारेकरी, आणि तो पहिल्यांदा काय मागतो? ओळखपत्र. आता ज्याच्याकडे कागदच नाहीत, त्यानं कागदांबद्दल विचारायला तिथं जायचं कसं?

एलिहियोला ते टेबल रविवारच्या बाजारात पाहिजे होतं. इथल्याच, जुन्या कपड्यांच्या आणि टोमॅटोच्या मधल्या गल्लीत. त्याची आई पेकान निवडायच्या पट्ट्यावर काम करते. दोन वर्षांपूर्वी तिची दोन बोटं पट्ट्यात गेली. मुकादमानं इंग्रजी कागद पुढं केला, तिनं सही केली. कागदात लिहिलं होतं की तिची काही तक्रार नाही. एलिहियोनं तो वाचला तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. नऊ! मुदत संपायच्या आधीच ती दोन रविवार बाजारात जाऊन आली होती. टोमॅटो घेतले, मिरच्या घेतल्या, कुणाच्या तरी बारक्या पोराचे गाल ओढले. टोमॅटोशेजारी एक टेबल असतं, बास, एवढंच त्याचं म्हणणं. भाषणात हे सांगताना त्याचा आवाज चिरकला, तेव्हा तो इतका चिडला की पुढचं भाषण ओरडूनच केलं.

समोर लिआन्द्रो ओन्तिवेरोस. फिनिक्सचा. बाहेर धुळीचा वारा सुटलेला, सगळ्यांच्या दातांत रेती, आणि याच्या शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. माणूस वाईट नाही हं. तीन वर्षं ते टेबल त्यानंच चालवलं, एक दिवस खाडा नाही. पण बोलताना असा हसतो की समोरच्याला वाटावं, आपल्या दातात काहीतरी अडकलंय.

"बाजारात टेबल," लिआन्द्रो म्हणाला होता. "छान. आणि प्रिंटरची पिन कुठं खुपसणार? कोंबडीत?"

"तुझ्या चौदाव्या मजल्यावर गेल्या उन्हाळ्यात किती माणसं आली?"

"आकडे अहवालात आहेत."

"अकरा! आणि त्यातले चार जण बाथरूम कुठंय विचारायला!"

लोक हसले. लिआन्द्रोही हसला, पण जरा कमी.

मग त्यानं मनातल्या मनात मतं मोजली. एलिहियोला ते दिसलं, कारण मोजताना त्याचे ओठ हलतात. आल्बुकर्कीचे अकरा एलिहियोचे, एलिहियो स्वतः त्यातच. फिनिक्सचे सहा लिआन्द्रोचे. उरले टेक्ससमधल्या लबकचे पाच. ते लिआन्द्रोनं खिशात धरलेले. पण पाचही जण आता एलिहियोकडे बघून माना हलवत होते. सकाळी तियाच्या हातचा आसादो खाल्ला आणि फिरले, असं लिआन्द्रो अजून सांगतो. खोटं आहे. ते आधी फिरले आणि मग आसादो खाल्ला. लाल मिरचीतलं डुकराचं मटण इतकं काही चांगलं नसतं. म्हणजे असतं, पण कारण ते नव्हतं.

"मतदान सुरू करते," नेरेइदा म्हणाली.

"थांब," म्हणत लिआन्द्रो उभा राहिला. कोट उचलला, बटण लावलं. "फिनिक्सचे प्रतिनिधी सभा सोडून जातायत."

 वरचा एक फुगा सुटून हळूच खाली आला.

एलिहियोला समजायला दोन सेकंद लागले.  विभागाचे एकूण प्रतिनिधी बत्तीस. सभा चालायला सतरा जण हजर पाहिजेत. टक्सनच्या दहा जणांची नेमकी आजच परीक्षा, ते आलेच नव्हते. राहिले बावीस. त्यातून सहा गेले की सोळा. एक कमी. सभा बाद, मतदान बाद, आणि निवड केंद्राच्या हातात. केंद्रात निवडीचं काम कोण बघतं? लिआन्द्रोचा जुना रूममेट. दोघं एकाच तव्यावर अंडी करून खायचे.

"पळपुट्या!" एलिहियोनं खुर्ची लाथेनं उडवली. "मतं कमी पडली म्हणून पळतोस?"

"पळत नाही, चालत चाललोय. नियमात आहे. वाच."

"तुझ्या नियमाच्या..."

"एलिहियो!" नेरेइदा ओरडली. "खुर्ची सरळ कर. नियमात आहे." मग तिनं पान उलटलं, त्यावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द चावून वाचला. "हजर म्हणजे सभागृहाच्या उंबरठ्याच्या आत असलेला. मत दिलं नाही तरी आत असेपर्यंत हजर. मतदान नाव पुकारून. शेवटचं नाव पुकारून होईपर्यंत सतरा जण आत असले की झालं."

"म्हणजे सहातला एक जरी आत असला..."

"तरी चालतंय."

"मग पुकार ना! बघतेस काय!"

"ठराव आधी पूर्ण वाचायचा असतो," नेरेइदानं चष्मा पुसायला घेतला. त्या चष्म्याचे एलिहियोनं मनात तुकडे केले.

आता बघा. दुसरी कुठली पोरं असती ना, तर बॅगा उचलल्या, दार उघडलं, गाडी चालू, खेळ खलास. पंधरा सेकंदांचं काम. पण ही आपली पोरं. खुर्चीपासून दारापर्यंत तीसेक पावलं, आणि मध्ये जेवणाचं टेबल लावून तिया रेमे उभी. घरच्या बाईला न सांगता निघालेला माणूस आणि चोर, यांत आपल्याकडे फरक करत नाहीत. फिनिक्सच्या सहाही जणांच्या आयांनी हे त्यांच्या डोक्यात चपलेनं बसवलेलं होतं.

पहिली पुढं झाली इत्सेल आर्विसू. लिआन्द्रोचा उजवा हात, जिभेला धार. पण टेबलापाशी पोचली आणि आवाज एकदम मऊ, थोरल्या बाईला मानानं दोन्या म्हणायचं तसा.

"दोन्या रेमे, येतो आम्ही. जेवण फार छान होतं."

"येतो? कुठं येतो?" तियानं डाव खाली ठेवला. ती डाव खाली ठेवते तेव्हा समजायचं, कार्यक्रम लांबला. "बीन्स आत्ता झाल्यात. कुणाची गं तू?"

"आर्विसू. नोगालेसची."

"नोगालेसचे आर्विसू, ते बेकरीवाले?"

"ते आमचे चुलत."

"म्हणजे तू दोन्या ताचिताची नात! अगं, तिनं माझ्या लग्नात माझी जाळीची ओढणी इस्त्री करताना जाळली होती! जिवंत आहे का?"

"आहे, आहे. नव्वदीची आहे."

"तिला सांग, मी अजून विसरले नाही. थांब, तिच्यासाठी बिस्कोचितो बांधून देते."

बिस्कोचितो म्हणजे बडीशेपेची बिस्किटं. त्यांचा डबा टेबलाखाली, टेबलाखाली आधी रिकामे डबे, रिकाम्या डब्यांखाली चंदेरी कागदाची गुंडाळी. तिया वाकली. आतून आवाज यायला लागले.

एलिहियोनं बघितलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो धावत सिंहासनापाशी गेला. "नेरेइदा, वाच. पळव. हे लोक निघायला लागलेत, पण निघत नाहीयेत."

"मला दिसतंय," नेरेइदा म्हणाली. तिनं चष्मा लावला आणि ठराव वाचून टाकला.

मग नावं. यादी आडनावांप्रमाणे, ए पासून झेडपर्यंत. सुबियाते हे आडनाव इंग्रजीत झेडवरून. लस असो, निकाल असो, शाळेतला खाऊ असो, जन्मभर त्याला सगळं शेवटी मिळालं. आताही तो बाविसावा.

"आबेय्ता, फेलिसितास?"

"एलिहियोला!"

"आर्विसू, इत्सेल?"

इत्सेलच्या तोंडात बिस्किट. तिनं मान जोरात हलवली, नाही नाही.

"हजर, मत नाही," नेरेइदानं लिहिलं.

"अरे चला, चला!" लिआन्द्रो टाळ्या वाजवत होता. "पटापट! फक्त नमस्कार करा आणि निघा!"

फक्त नमस्कार. तियाचा निरोप झाला की संपतं थोडंच? मग प्रत्येकाच्या गालाला गाल लावायचा. भांडण आपलं सभेशी, माणसांशी नाही, मग लबकच्या पोरीला तसंच सोडून गेलं तर ती काय म्हणेल? सहा जण, सोळा जणांचे गाल. शहाण्णव निरोप. ते मत देणाऱ्यांच्या रांगेतून गाल लावत चालले होते, आणि रांगेतली माणसं गाल पुढं करत करत लिआन्द्रोच्या विरुद्ध मत देत होती.

"भेटू हां. आईला विचारलं म्हणून सांग... एलिहियोला!... आणि तुझ्या गुडघ्याचं काय झालं?"

इत्सेल एलिहियोपाशी आली. गालाला गाल लावला आणि कानात म्हणाली, "चोरा."

"सांभाळून जा," एलिहियो म्हणाला.

इथपर्यंत सगळं लोण्यासारखं चाललं होतं. पण लबकचा एर्मिनियो उठला आणि त्यानं घात केला. नुसतं मत देऊन त्याचं भागेना. "मी हे मत का देतोय, ते मला सांगायचंय," म्हणाला. मग त्याचा आजा, आज्याचं खेचर, कापसाचं शेत, पहिल्यांदा पाहिलेला वकील, त्या वकिलाचे बूट.

"एर्मिनियो, हो किंवा नाही म्हण रे!" एलिहियो किंचाळला.

"बुटांचं महत्त्वाचं आहे," एर्मिनियो डोळे पुसत म्हणाला.

बूट संपेपर्यंत फिनिक्सचे तिघं बाहेर. एर्मिनियो खाली बसेपर्यंत चौथा. पाचवा एक लाजाळू पोरगा, त्याला तियानं घरी लग्नाची बहीण आहे का म्हणून विचारलं, त्यात आणखी दोन मतं झाली. मग तोही गेला. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजायला लागला.

आत उरले सतरा. सोळा हे आणि सतरावा लिआन्द्रो.

तो हुशार. त्यानं बाकीच्यांचे निरोप आधीच घाईघाईत उरकले होते. कप्तानासारखं सगळ्यांच्या शेवटी निघायचं त्याच्या मनात होतं. आता तियाचा हात हातात घेतला, गालाला गाल लावला, पिशवी घेतली, आभार मानले, सगळं वीस सेकंदांत. नेरेइदा अजून आर वर होती.

"रोमेरो, दियेगो?"

"एलिहियोला!"

लिआन्द्रो दारापाशी पोचला. आणि तेवढ्यात तियाचा आवाज.

"एलिहियो! मिहो, माझ्या बाळा! हे पातेलं कोण नेणार? पोरांना सहा तास जायचंय, वाटेत खातील काय, वाळू? ने त्यांच्या गाडीपर्यंत."

पातेलं आसादोचं. दोन्ही हातांनीच उचलतं. एलिहियोनं उचललं, चार पावलं टाकली आणि मग त्याला आकडा आठवला. लिआन्द्रो आत आहे तोवर सतरा. पण आपण स्वतः बाहेर गेलो तर? सोळा! स्वतःच्या निवडणुकीची सभा स्वतःच बुडवायची, तीही मटणाचं पातेलं घेऊन.

तो उंबरठ्याच्या अलीकडे खांबासारखा उभा राहिला.

"काय झालं? पायांना मुळं फुटली का?" तिया मागून.

"तिया, एक मिनिट."

"पाहुणा वाऱ्यात उभा आणि तू आत? हे शिकलास कॉलेजात? तुझी आई पट्ट्यावर हात झिजवते ते याच्यासाठी?"

लिआन्द्रोनं एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा एलिहियोच्या बुटांकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू हळूहळू पसरलं. दातात काहीतरी अडकवणारं.

"चल ना," तो गोड आवाजात म्हणाला. "गाडीपर्यंत सोड. पाहुणा आहे मी."

"तू आधी बाहेर हो, मी येतो मागून," एलिहियो दातओठ खात कुजबुजला. पण म्हटल्या म्हटल्या त्यालाच कळलं, काय मूर्खासारखं बोललो. हा बाहेर झाला तरी सोळाच!

"बरं, होतो," लिआन्द्रो म्हणाला आणि वळला.

"नाही! थांब!"

"सालासार, ओफेलिया?" मागून नेरेइदा. "तोर्रेस, मागदालेना?"

"तू आशीर्वाद घेतलास का रे?" तिया म्हणाली.

लिआन्द्रोचा पाय हवेतच थांबला.

"दोन्या रेमे, उशीर होतोय, ते लोक..."

"वाटेत लोर्ड्सबर्गपाशी धुळीत समोरचा ट्रक दिसत नाही. दर वर्षी कुणीतरी मरतं. पाचांना मी दिला, तू काय वरून पडलास? वाक."

तियाला सभेचं काय चाललंय ते कळत होतं का, यावर आल्बुकर्कीत अजून वाद होतात. एलिहियो शपथेवर सांगतो, तिला काही माहीत नव्हतं. ती वाऱ्याकडे बघत होती.

लिआन्द्रो उंच, तिया बुटकी. त्याला कमरेत पार वाकायला लागलं. तियानं अंगठा त्याच्या कपाळावर टेकवला आणि सुरू झाली. आधी बाप, मग पुत्र, मग रस्त्याचा संत, मग चाकांचा, मग डोळ्यांचा. कुठल्या संताकडे कुठला पार्ट आहे, ते तिला मेकॅनिकसारखं माहीत.

"त्रुहियो, बेनितो?"

"एलिहियोला!"

"आईचं नाव काय तुझ्या?" तिया मध्येच.

"ग्रासिएला," लिआन्द्रो खाली बघत म्हणाला.

"काय करते?"

"साफसफाई. एका बिल्डिंगीत." मग हळू आवाजात, "तीच. काचेची. आमचं टेबल असतं ती. चौदावा मजला तिच्याकडेच आहे."

एलिहियोच्या हातातलं पातेलं जड झालं. हे एलिहियोला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षं हा माणूस प्रिंटर, एसी आणि अहवालातले आकडे यांच्यावर भांडत होता, आणि आई त्याच मजल्यावरची काच पुसत होती. दारावर पोराच्या नावाची पाटी, तीही तीच पुसत असणार. शिवी तोंडात आली होती, ती एलिहियोनं गिळली.

"मग ग्रासिएलाच्या पोराला," तियानं अंगठा आणखी दाबला, "सुखरूप तिच्या दारात नेऊन सोड, बाबा. आणि त्याच्या हातून..."

"वाल्देस, अमादेओ?"

"एलिहियोला!"

"सुबियाते, एलिहियो?"

"माझ्याकडून मलाच!" एलिहियो इतक्या जोरात ओरडला की पातेल्याचं झाकण नाचलं. दोन्ही पाय आत. लिआन्द्रोचं डोकं अजून खाली.

"आमेन," तिया म्हणाली.

"यादी संपली," नेरेइदानं पुस्तक मिटलं. "हजर सतरा. एलिहियोला सोळा मतं, एक तटस्थ. मी जाहीर करते की..."

"हरकत!" बाहेरून इत्सेल. ती व्हॅनमधून उतरून केस धरत दारापाशी धावत आली होती, तोंडाभोवती बिस्किटाचा भुगा. "हरकत आहे! लिआन्द्रोचा पाय उंबरठ्याबाहेर होता! मी गाडीतून बघितलं! तो हजर नव्हता!"

"आत होता!" एलिहियो.

"बाहेर!"

"तुला त्या धुळीतून स्वतःचा पाय तरी दिसला का?"

"गप्प!" नेरेइदा पहिल्यांदाच सिंहासनावरून खाली उतरली. पुस्तक छातीशी धरून दारापर्यंत आली. अख्खा हॉल तिच्या मागून. "असा वाद झाला तर नियम एकच. ज्याच्या हजेरीचा वाद आहे, त्यालाच विचारायचं. त्याचा शब्द अखेरचा. लिआन्द्रो, शेवटचं नाव पुकारलं तेव्हा तू आत होतास की बाहेर?"

म्हणजे सगळं येऊन लिआन्द्रोच्या तोंडात थांबलं. एक शब्द. बाहेर म्हणाला असता तर संपलं होतं. टेबल चौदाव्या मजल्यावर, पाटी दारावर, आणि ग्रासिएला ती रोज पुसतेय. त्याला कुणी खोटं पाडू शकलं नसतं. एलिहियोनं खाली बघितलं होतं, पण आता त्यालाही खात्री देता येत नव्हती. वाऱ्यानं उंबरठ्यावर एवढी माती आणून टाकली होती की आत कुठं संपतं आणि बाहेर कुठं सुरू होतं, ते दिसतच नव्हतं.

लिआन्द्रोनं इत्सेलकडे बघितलं. तिनं भुवया उंचावल्या, बोल ना. त्यानं एलिहियोकडे बघितलं. एलिहियोनं पातेलं सावरलं.  मग लिआन्द्रोनं कपाळाला हात लावला. तियाच्या बोटाला मिरचीचा रस्सा होता, त्यामुळे कपाळावर लाल ठिपका उमटला होता. त्यानं तो पुसला नाही.

"आत होतो," तो म्हणाला. "दोन्ही पाय." आणि मग वैतागून, "च्यायला."

"तोंड सांभाळ," तिया म्हणाली. "आत्ता तर आशीर्वाद घेतलास."

हॉलमध्ये जो गोंधळ उठला, त्यात छताचे उरलेले फुगेही सुटले. एर्मिनियो रडायला लागला. फेलिसितास एका खुर्चीवर चढली. इत्सेलनं दाराला लाथ मारली, मग तियाकडे बघून दाराची माफी मागितली. नेरेइदानं कागद आणि पेन पुढं केलं. एलिहियोचे हात भरलेले, म्हणून तिनं कागद पातेल्याच्या झाकणावरच ठेवला.

"ठिकाण लिही आणि सही कर. आजच पाठवायचाय."

एलिहियोनं पातेलं गुडघ्यावर टेकवलं आणि एका हातानं लिहिलं. रविवारचा बाजार, टोमॅटोची गल्ली. कागदाला खालून तेल लागलं. मग पेन हातात धरून तो जरा थांबला. नियमांप्रमाणे टेबलाला एक मुख्य माणूस लागतो. तीन वर्षं चालवलेला, एक दिवस खाडा न केलेला असा माणूस विभागात एकच होता, आणि तो कपाळावर मिरची लावून दारात उभा होता.

"प्रिंटर कसा लावायचा ते मला येत नाही," एलिहियो म्हणाला.

"मला माहितीय," लिआन्द्रो म्हणाला.

"रविवारी सहा तास गाडी चालवणं वेडेपणा आहे."

"हो."

"आईला पण आणशील का? टोमॅटो चांगले असतात."

लिआन्द्रोनं वाऱ्यातल्या व्हॅनकडे बघितलं. "बॅटरीवर चालणारा प्रिंटर येतो," म्हणाला. "कोंबडी लागत नाही."

एलिहियोनं त्याचं नाव लिहिलं आणि सही ठोकली. सुबियातेचा झेड इतका जोरात ओढला की कागद फाटता फाटता राहिला.

"भाषण! भाषण!" मागं सगळे खुर्च्या बडवत होते. नेरेइदा सिंहासनाकडे बोट दाखवत होती, म्हणजे त्यानं तिथं उभं राहून बोलावं. नवीन विभागप्रमुखानं बोलायचं असतं, तेही नियमात आहे.

"ते पातेलं हातातच थंड करणार आहेस का?" तिया ओरडली. "पाहुणे उभेत! आणि त्या पोराला सांग, पातेलं मला परत पाहिजे, आणि रिकामं नको."

व्हॅनचा हॉर्न वाजला. एलिहियोनं पातेलं पोटाशी घट्ट धरलं आणि खांद्यानं दार ढकललं.

"भाषण नंतर," तो म्हणाला. "मला आता निघायला पाहिजे."